पोहऱ्याचा न लागलेला वणवा

चि. अरुण आणि चि. नीला,

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही लिहिले होते की शाळेने तुम्हाला तिकडे विलायतेत गावाजवळच्या जुन्या जंगलातून दिवसभर चालवले, आणि आजी, तुझ्या अमरावतीजवळ असे जंगल आहे का, असे विचारले होते. मी लगेच चार पाने भरून पोहऱ्याच्या जंगलाची गोष्ट पाठवली. मुलींची सहल, झाडाखाली आग लावणारी एक बाई, आणि माझ्या पत्रामुळे वणव्यातून वाचलेले जंगल. नीलाने ती गोष्ट वर्गात वाचून दाखवली, तिच्या बाईंनी शाबासकी दिली, असे तुमच्या आईने कळवले तेव्हा मी ते पत्र शेजारणीलासुद्धा दाखवले होते.

ती गोष्ट चुकीची होती. मी खोटे लिहिले नव्हते, पण मला जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्यासारखे लिहिले होते. मागच्या आठवड्यात मी त्या जंगलात पुन्हा जाऊन आले. आता खरे काय ते लिहिते. जुने पत्र फाडू नका, त्याला हे जोडून ठेवा. आईला म्हणावे, सावकाश वाचून दाखव. वर्गात पुन्हा सांगायचे की नाही, ते नीलाने ठरवावे.

आधी नऊ वर्षांपूर्वीचे सांगते. १९५६च्या मार्चमध्ये मी शाळेच्या अठरा मुली घेऊन पोहऱ्याला गेले होते. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. सकाळी नाल्याकाठी एका मोहाच्या झाडाखाली धूर दिसला. एक बाई झाडाखालचा पालापाचोळा पेटवून शेजारी शांत बसली होती. मी नाव विचारले. तिने सांगितले, रुक्मा. नवऱ्याचे नाव विचारले, गाव विचारले, तेही सांगितले. मी वहीत उतरवून घेत असताना तिने पदरातली मोहाची फुले मुलींच्या हातांवर ठेवली. "खा वं पोट्ट्याहो, गोड हाये." मुलींनी खाल्ली. मीही एक खाल्ले. मोह म्हणजे दारू, एवढेच मला तेव्हा माहीत होते, म्हणून एकावर थांबले.

त्याच संध्याकाळी मी जंगलच्या कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिले. दिनांक, वेळ, जागा, बाईचे नाव, वारा कोणत्या दिशेचा होता, हेसुद्धा. मराठी अर्ज टेबलावर पडून राहतो आणि इंग्रजी पत्र साहेबाच्या हातात जाते, अशी माझी समजूत होती. ती बरोबर निघाली. थोड्याच दिवसांत आभाराचे उत्तर आले. प्रार्थनेच्या वेळी मी ते साऱ्या शाळेला वाचून दाखवले.

गेल्या दिवाळीत कमल भेटायला आली. ही त्या अठरांपैकी एक. तेव्हा नववीत होती, वसतिगृहात राहायची, आता अमरावतीतच प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मी तिला कौतुकाने सांगितले की आपली वणव्याची गोष्ट विलायतेतल्या वर्गात वाचली गेली. तिने कप खाली ठेवला.

"बाई, तो वणवा नव्हता. मोहाची फुलं पाल्यात पडली तर दिसत नाहीत. म्हणून फुलं भरानं गळायच्या आधी झाडाखालची जागा जाळून साफ करतात. माझ्या मामाच्या गावात सगळेच करतात. रुक्मामावशी तिथलीच. तुमच्या पत्रानंतर तिचं झाड गेलं."

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही साहेबांचं उत्तर वाचत होता, बाई. मी टाळ्या वाजवत होते."

तिच्या वस्तीतून हायस्कुलात आलेली ती पहिली मुलगी. त्याच वर्षी तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वसतिगृहातली तिची जागा माझ्या सहीवर टिकून होती. ती माझ्याविरुद्ध उभी राहून कुठे जाणार होती? हे मला प्रश्न विचारून झाल्यावर सुचले.

मी ठरवले की रुक्माबाईला गाठायचे आणि चूक माझी होती हे तिच्या तोंडावर सांगायचे. कमल म्हणाली, "मग मार्चमध्ये चला. मोह गळायच्या दिवसांत गाव सोडून कोणी जात नाही."

जंगलात

सकाळी सातच्या बसने आम्ही चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागलो आणि जंगलातल्या एका फाट्यावर उतरलो. माझ्या पिशवीत पोळ्या, बटाट्याची भाजी, थर्मास, आयोडीन, छत्री आणि १९५६च्या सहलीसाठी मी स्वतः काढलेला नकाशा होता. कमलच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि दोन कांदे.

तुमच्या जंगलात वाटेवर पाट्या असतात आणि बसायला बाक असतात, असे तुम्ही लिहिले होते. इथे तसे काही नाही. मार्चमध्ये आमचे जंगल हिरवेही नसते. सागाची पाने गळून गेलेली असतात. एकेक पान ताटाएवढे, आणि वाळल्यावर असे कडक की पापडावर चालल्यासारखा आवाज होतो. सालईचे बुंधे पांढुरके, साल कागदासारखी सुटलेली. मधेच एखादा पळस केशरी फुलांनी भरलेला. एक रोही, म्हणजे नीलगाय, आम्हाला पाहून थांबला, आणि आमच्यात पाहण्यासारखे काही नाही असे ठरवून निघून गेला. नऊ वर्षांपूर्वी हे सगळे मी मुलींना झाडांच्या लॅटिन नावांसकट दाखवले होते. फुले कोण वेचते, कशी वेचते, हे एकीलाही विचारले नव्हते, आणि विचारले असते तर सांगणारी त्यांच्यातच होती.

नकाशाप्रमाणे आम्ही टेकडीला उजवीकडे वळसा घातला. अर्ध्या तासाने वाट संपली. पुढे नुसते कमरेइतके वाळलेले गवत. मी नकाशा उलटा करून पाहिला, चष्मा पुसून पाहिला.

"बाई, नकाशा बरोबरच असेल," कमल म्हणाली. "जंगलच चुकलं असेल."

शाळेत असताना ती माझ्याशी असे कधी बोलली नव्हती. मला बरे वाटले. नकाशा पिशवीत गेला आणि ती पुढे झाली. तोवर लुगड्याच्या काठाला, मोज्यांना, सगळीकडे कुसळे लागली होती. कुसळ म्हणजे गवताचे टोकदार बी. ते कापडातून आत शिरते आणि चालले की पुढे सरकते. वाटेत बसून काढायला लागले तर दिवस जाईल, म्हणून तशीच चालले.

टेकडीपलीकडे धूर दिसला. मी थबकले. कमल म्हणाली, "चला, पाहू तर."

आठ-दहा बाया एका ओळीत काम करत होत्या. पुढच्या बाया फांद्यांच्या झाडण्यांनी पाला एका पट्ट्यात ओढत होत्या, मधल्या तो पेटवत होत्या, मागच्या हिरव्या डहाळ्या घेऊन दोन्ही कडांना उभ्या होत्या. जाळ पट्ट्याबाहेर पाऊल टाकायला लागला की डहाळीचा एक फटका. खाकी कपड्यांतला एक रखवालदार सावलीत बसून बिडी ओढत होता. त्याने सांगितले, ही जाळरेषा. आधीच जाळून ठेवलेल्या पट्ट्यापाशी मोठा वणवा अडतो.

"यांना हे कोणी शिकवलं?" मी विचारले.

"यायले कोन शिकवते, बाई? मोहाखाली जाळून जाळून हात बसला हाये त्यायचा. आमीच यायच्यापासून शिकलो." मग हसून म्हणाला, "साहेबाले नका सांगू. साहेब म्हनते, त्यानं शिकवलं."

बायांत हशा झाला. एक म्हणाली, "तुले तं अजून बी येत नाई. बिडी तेवढी पेटवता येते." तो पुन्हा हसला.

मी डहाळी धरलेल्या बाईकडे पाहत राहिले. नऊ वर्षांपूर्वी रुक्माबाईच्या मांडीवर अशीच एक हिरवी डहाळी आडवी ठेवलेली होती. ती मला दिसली होती. ती डहाळीने वारा घेत बसली आहे, असे मी वहीत लिहिले होते.

नाल्याकाठी

दुपारी बाराच्या सुमारास नाला लागला. पाणी नव्हते, एका खळग्यात थोडे साचले होते. तिथे बसून जेवलो. माझ्या पोळ्या वाळून गेल्या होत्या. कमलने न विचारता माझ्या पोळीवर भाकरीचा तुकडा आणि ठेचा ठेवला आणि कांदा दगडावर फोडला. पूर्वी मी मुलींना सुरीने कापल्याशिवाय कांदा खाऊ देत नसे.

जेवताना काठावरचे खुंट दिसले. रुंद, काळे पडलेले, कडेला फुटवे आलेले. कमलने सांगितले ते असे. सागाच्या तोडीच्या वेळी मोहाची झाडे राखायची पद्धत होती, कारण प्रत्येक झाड कोणाच्या तरी वेचणीचे असायचे. कागदावर नव्हे, गावाच्या तोंडी. अमुक मोह अमक्या घरचा, सासूकडून सुनेकडे आलेला. माझ्या पत्रानंतर रुक्माबाईला या काठावर पाय ठेवायची मनाई झाली. तिच्यासारख्या शेजारच्या गावातल्या आणखी दोघी भिऊन आपणच यायच्या बंद झाल्या. पुढच्या हिवाळ्यात इथे तोड आली तेव्हा या झाडांखाली कोणी वेचत नाही असे दिसले. मग मोह सागाबरोबर गेले.

"आणि ते?" पुढच्या वळणावर एक मोह उभा होता. पानाचे नाव नाही, आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस. खालची जागा काळी, स्वच्छ, सारवल्यासारखी.

"ते रुक्मामावशीच्या दिराचं. म्हणजे आता तिच्या जावेचं. ती वेचत राहिली, म्हणून राहिलं."

मी उठून तिथवर गेले. सकाळची वेचणी होऊन गेली होती, तरी चार-दोन फुले पडली होती. फिकट पिवळी, मोत्यासारखी फुगलेली, वास जड. पोळत्या दिवसात त्या झाडाखाली गार वाटत नव्हते, पण उभे राहावेसे वाटत होते. मी मनात दोन वाक्ये तयार केली. एकात माझी चूक, दुसऱ्यात माफी. आयुष्यभर भाषणे अशीच तयार करत आले आहे.

गावात

गाव लहान. गल्लीतल्या प्रत्येक अंगणात चटईवर मोह वाळत होता. एकाच अंगणात नव्हता. कमलला बोट दाखवावे लागले नाही.

रुक्माबाई दारात बसून वाळल्या शेंगा फोडत होती. केस पांढरे झाले होते.

"कोन वं? कमल काय? अन् हे कोन बुढी धरून आनली?"

"मावशी, या माझ्या शाळेच्या मोठ्या बाई."

"बसा बाई. उनातान्हात काहून आल्या? पाय तं पाहा, कुसळानं भरले." तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणला. तुमच्याकडे पाहुण्याला आधी हवापाण्याचे विचारतात, इथे आधी पाणी देतात आणि मग कोण, कुठले ते विचारतात. मी पाणी पीत होते तेवढ्यात ती खाली बसली आणि माझ्या लुगड्याच्या काठातली कुसळे एकेक करून काढू लागली. मी पाय मागे घेतला. तिने तो धरून पुढे ओढला.

"थांबा ना, बाप्पा. आत जाईन तं पिकन." मग एकाएकी तोंड वर करून पाहिले. "तुमी त्याच काय, पोट्ट्या घेऊन आल्या होत्या? मोह खाल्ला अन् तोंड वाकडं केलं?"

"तीच मी."

ती हसली, मोठ्याने. "पाहा, मले याद हाये. मी म्हनलं, येवढी शिकेल बाई, अन् कारलं खाल्ल्यावानी तोंड करते!" मग कुसळ ओढता ओढता म्हणाली, "तुमी गेल्या अन् माह्या मांगं साडेसाती लागली, बाई. शिपाई आला. दोन दिवस मले नाक्यावर बसवून ठेवलं. म्हने, तू जंगल जाळतं. झाड गेलं माहं. सासूनं देल्लं होतं ते."

मी तोंड उघडले. ती बोलतच होती.

"कोनं केलं ते मले ठाव हाये." तिने हनुवटीने समोरच्या अंगणाकडे दाखवले. तिथे एक बाई पाठमोरी बसून चटईवरचा मोह उलटवत होती. "माह्या देरानं. त्याचं झाड राह्यलं, माहं गेलं. समजत नाई काय मले? तवापासून त्या घरचं पानी नाई पेली मी. तो बिमार पडला, दोन साल झाले. निरोप धाडला, वयनीले बोलवा. नाई गेली. मेला तरी नाई गेली."

मी कमलकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला होता. दोन घरांत बोलणे नाही हे तिला माहीत होते, पण ते अंगणाच्या जागेवरून, असा साऱ्या गावाचा समज होता.

माझी दोन्ही वाक्ये झाडाबद्दल होती. ती आता पुरेनात. तुमच्यापासून लपवत नाही, त्या घटकेला मला उठून यावेसे वाटले. दीर गेला होता, रुक्माबाईला तिच्या रागाची सवय झाली होती, आणि मी सांगितले तर तिच्या हातात काय उरणार होते? पण समोरची बाई मोह उलटवत होती, आणि न केलेल्या गोष्टीसाठी तिचे घर नऊ वर्षे चोर ठरले होते.

"रुक्माबाई, दिरानं नाही. तुमचं नाव मी कळवलं होतं."

माझ्या लुगड्याच्या काठावरचा तिचा हात थांबला.

"तुमी?"

"वहीत लिहिलं होतं ना, तुमच्यासमोर? तेच साहेबाला पाठवलं."

"माह्यासमोर तं लिवलं," ती म्हणाली. "मले वाटलं, शाळेत सांगसान. रुक्मानं मोह देल्ला म्हनून."

तिने धरलेले कुसळ ओढून जमिनीवर टाकले. मग तिने विचारले, "मंग देराचं नाव काहून नाई लिवलं? जाळते तं सारेच."

"ते तिथं नव्हते."

"हो," ती म्हणाली. "तो तवा बैल घेऊन गेलता." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "तीन खेपा सांगतलं त्यानं मले. वयनी, म्या नाई. तीन खेपा. मी म्हनलं, खोटारड्या."

मी माफी मागितली. मराठीत हा शब्द मी फारसा वापरलेला नव्हता, आणि तो मला नीट जमला नाही.

"मले नका मागू, बाई. मलेच मागा लागते आता. अन् ज्याले मागा लागते तो गेला."

मी समोरच्या अंगणात जायला उठले. तिथेही सांगणे माझे कर्तव्य आहे, असे मी म्हणाले. कमलने माझे कोपर धरले. "बाई, तिथं तुम्ही जाऊ नका. ते आता मावशीचं आहे." विद्यार्थिनीने मला अडवण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती बरोबर होती. समोरच्या बाईने इतक्या वेळात एकदाही मान वळवली नव्हती. तिने सगळे ऐकले होते.

"जा आता," रुक्माबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि मघाचा जिव्हाळाही नव्हता. "गाडी चुकन." ती भिंतीकडे तोंड करून बसली. अर्धी कुसळे माझ्या काठात तशीच राहिली. ती मी घरी आल्यावर काढली. एक टाचेत गेले आहे, त्यावर शेक चालू आहे.

बसमध्ये कमल आणि मी शेजारी बसलो. मी म्हणाले, "मी सांगायला नको होतं का?" ती म्हणाली, "सांगायलाच हवं होतं. पण नऊ वर्षांपूर्वी. तुम्हीही आणि मीही." माझ्या चुकीत ती वाटेकरी होऊ पाहत होती. मी तसे होऊ दिले नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि मी पंचावन्नची.

चांगल्या अक्षरात, बिनचूक तपशिलाने मी एका बाईचे झाड घेतले, आणि ते तिला ठाऊकच नसल्याने तिने ती चोरी घरच्या माणसावर घातली. पत्रात एक प्रश्न असता, ही बाई असे का करते, एवढा एक जरी असता, तर कदाचित साहेबाने कोणाला तरी विचारले असते. मी फक्त उत्तरे लिहिली होती.

आज सकाळी कमल येऊन गेली. तिच्या मामाने कळवले ते असे. आम्ही आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी रुक्माबाई टोपली घेऊन वळणावरच्या मोहाखाली गेली. जाऊ आधीच तिथे होती. तिने हाकलले नाही आणि बोलावलेही नाही. तेव्हापासून रोज पहाटे दोघी तिथे असतात. एक नाल्याच्या बाजूने वेचत येते, दुसरी गावाच्या बाजूने. अजून बोलत नाहीत.

नाल्याकाठचे बाकीचे मोह गेले. ते एक झाड उभे आहे, आणि त्याची फुले अजून गळत आहेत.